नारळ मोजणारा मामा

माझ्या मामाचा डावा कान एकाच आडव्या ठोशात गेला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि बॉक्सिंगच्या रिंगणात उभा होता, म्हणजे उभा असल्यासारखा होता. ही हकिगत तो स्वतःच सांगतो आणि आवाजासकट सांगतो. आधी "ठाप्प!" मग किटलीतून वाफ सुटावी तशी "शूंऽऽऽ". ती शिटी चार दिवस वाजत राहिली. एवढं सांगून मामा हाताने शटर ओढल्याची खूण करतो. "पाचव्या दिवशी दुकान बंद."

त्या दिवशी त्याच्या कोपऱ्यात भोंगा होता. भोंगा म्हणजे त्याचा मित्र, पुढे प्रशिक्षक झालेला. त्याच्यासारखं बोलायचं असेल तर मूठभर खडी तोंडात घेऊन गुळणी करावी लागते. दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात मामाच्या कानातून रक्ताचा ओघळ मानेपर्यंत आला होता आणि भोंगा तो टॉवेलने पुसत खरखरत होता, "काही नाही रे, काही नाही, खरचटलंय. जा, हाण त्याला." कानाच्या आतून कसं काय खरचटलं, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही. मामा गेला आणि आणखी खाऊन आला.

एकूण किती बसले? मामा म्हणतो, "मोजत होतं कोण?"

हा प्रश्न त्याच्या डोक्यात पंचवीस वर्षं राहिला. मामीच्या मते डोक्यात तेवढंच राहिलं, कारण कानाबरोबर निम्मे शब्दही गेले होते.

"अगं, ते दे ना. ते हे. आपलं ते."

"स्क्रू ड्रायव्हर?"

"नाही गं. ते... ज्याने चावतात."

"चावतात? कवळी?"

"लोखंडाचं!"

"पक्कड."

"हां, पक्कड!"

"लग्न झाल्यापासून रिकाम्या जागा भरतेय," मामी म्हणते, "आणि अजून एकाही पेपरात पास नाही." मामी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर लोकांच्या दाढा उपटल्या जाताना त्यांची डोकी घट्ट धरून उभी राहते. त्यामुळे तिच्याशी वाद घालताना आमच्या घरात सगळे तोंड मिटून घालतात.

रिंगण सुटल्यावर मामा एका कंपनीत इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करायला लागला. तिथे तो बारा वर्षं टिकला. एकदा एका दुकानात काट्याच्या तळाशी चिकटवलेला लोहचुंबक त्याला सापडला. त्याने तो काढला आणि गिऱ्हाइकांच्या समोर काउंटरवर ठेवला. दुकानदाराला वाटलं, चुगली आपल्या हमालाने केली. त्याने हमालाच्या मुस्कटात मारली. हमाल साठीचा, पाठीवर पोतं घेतलेला. पोत्यासकट तो खाली गेला. मामाने हातातली पेटी शांतपणे खाली ठेवली, चष्मा काढून पेटीवर ठेवला, आणि दुकानदाराला एक दिला. "एकच," मामा अजून म्हणतो. दुकानदार साबणांच्या मांडणीतून आरपार जाऊन मागच्या भिंतीला लागला. त्याचा पुढचा दात वजनकाट्यावर पडला होता आणि काटा, नुकताच दुरुस्त झालेला असल्यामुळे, त्याचं वजन अगदी बरोबर दाखवत होता, असं मामा सांगतो. ही शेवटची ओळ खरी असेलच असं नाही. कंपनीने त्याला नारळ दिला, हे मात्र खरं.

आणि नारळ या शब्दाने मामाची पाठ काही सोडली नाही. भोंग्याच्या व्यायामशाळेत डोक्याला डोकं म्हणतच नाहीत. "नारळ झाक! अगं नारळ उघडा पडलाय! नारळ म्हणजे काय शोकेसमधली वस्तू आहे?" ही व्यायामशाळा टायरवाल्याच्या वरच्या मजल्यावर आहे. खालून रिमवर घणाचे घाव येतात, वरून पिशव्यांवर ठोसे, आणि मधल्या जिन्यात रबराचा आणि घामाचा एकत्र वास. कोपऱ्यात थुंकायची बादली. तिच्यातलं पाणी सकाळी पांढरं असतं आणि संध्याकाळी गुलाबी. फरशी पुसायचं फडकं मुळात कोणत्या रंगाचं होतं ते कोणालाच आठवत नाही.

मामाची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण ताई, तिथे तेराव्या वर्षापासून जाते. आता ती एकोणीसची आहे आणि तिला सगळे हातोडी म्हणतात. तिने आजवर तीन नाकं मोडलीत. त्यातलं एक सरावातल्या मैत्रिणीचं होतं. ती मैत्रीण नाक धरून खाली बसली, बोटांमधून रक्त टपकतंय, आणि ताई विचारते, "पहिला चुकून बसला गं. दुसरा मुद्दाम मारला होता, तो तर तुला लागला नाही ना?"

मार्चमध्ये ताईने सरावात कानशिलावर एक खाल्ला, हसली, आणखी दोन फेऱ्या खेळली आणि बसने घरी निघाली. दोन थांबे आधी उतरली. एका परक्या इमारतीत चढून परक्या दाराला घरची किल्ली लावत बसली. किल्ली लागेना म्हणून दाराला लाथा घातल्या. आतून एक गृहस्थ बनियनवर बाहेर आला, "कोण पाहिजे?" म्हणाला. ताईला वाटलं आपल्या घरात चोर शिरलाय. तिने त्याला उंबऱ्यातच आडवा केला आणि त्याच्या छातीवर गुडघा ठेवून ओरडायला लागली, "बाबा, पोलिसांना फोन कर! बाबा!" गृहस्थाची बायको आणि शेजारी मिळून चौघांनी तिला ओढून काढलं. एकाच्या हाताला ती चावली. मग एकदम शांत झाली आणि विचारलं, "हा जिना आमचा नाही ना?"

मामीने दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाला आपल्याच दवाखान्यात नेऊन त्याचा हललेला दात बसवून दिला.

डोक्याच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो बघितले. त्या हळू आणि थंड बोलतात, जणू काही शब्द फ्रीजमधून काढून देतायत. "या वेळी निभावलं. पुन्हा असं झालं तर ही स्वतःच्या दारासमोरही अशीच उभी राहील."

"मग किती खाल्लेले चालतील?" मामाने विचारलं.

"डोक्यावर? शून्य."

शून्य म्हणजे खेळ बंद. जूनमध्ये निवडीची लढत होती. ती जिंकली तर ताई संघात जाणार होती आणि तिने सहा वर्षं दुसरं काही केलंच नव्हतं. घरी स्वयंपाकघरात युद्ध झालं. मामी म्हणाली शून्य. ताई म्हणाली मोजायचंच नाही. मामीने लाटणं आपटलं, ताईने कपाटाच्या दाराला गुद्दा मारला, ते दार अजून लागत नाही. शेवटी मामा म्हणाला, "तीस. एका लढतीत डोक्यावर तीस. तिसावा बसला की मी टॉवेल टाकणार, हार मानून लढत थांबवणार." तीस हा आकडा कोणत्याही डॉक्टरचा नाही. तो त्या कपाटासमोर ठरलाय.

"आणि तिसाच्या आधी?" ताईने विचारलं.

"आधी नाही टाकणार."

"शब्द?"

"शब्द."

"तिसाला एक जरी कमी असताना टाकलास ना बाबा, तर तुला तिथेच फोडीन. मोजणार कोण पण? तू? तुला झाऱ्याला झारा म्हणता येत नाही."

मामाला ते लागलं. कारण खरं होतं. स्वतःच्या डोक्यावर त्याचाच भरवसा नव्हता. म्हणून त्याने यंत्र करायचं ठरवलं.

जिन्याखालच्या त्याच्या दुकानात भंगार काट्यांचा डोंगर आहे. काट्याच्या पोटात दाब ओळखणारी एक चपटी पट्टी असते. तशी पट्टी त्याने ताईच्या हेडगार्डमध्ये, कपाळावर शिवली. मानेमागे काडेपेटीएवढं सर्किट. ठोसा बसला की सर्किट बिनतारी लॅपटॉपला कळवणार. पुढचं काम लॅपटॉपचं. त्यासाठी मामा एकोणपन्नासाव्या वर्षी ताईच्या कॉलेजच्या पुस्तकातून पायथन शिकला.

"पायथन म्हणजे अजगर ना?" मामी म्हणाली. "बरोबर आहे. गिळणारच तुम्हाला."

दोन बोटांनी तो कीबोर्डला जॅब मारायचा. एक डावा, एक उजवा, मग अंग मागे घेऊन बघायचा, पडला का. प्रोग्रॅम पडायचाच. मामा त्याला शिव्या द्यायचा, आणि गंमत म्हणजे शिव्या देताना त्याला एकही शब्द शोधावा लागत नसे. दीड महिन्याने मात्र ते चाललं. प्रत्येक ठोशाची एक घटना व्हायची. घटनेला एक नाव, एक वेळ आणि एक जोर. पायथन ती घटना पुडी बांधल्यासारखी बांधून इंटरनेटवरच्या एका सेवेकडे पाठवायचं आणि तिथल्या डॅशबोर्डावर, म्हणजे आकड्यांच्या फळ्यावर, आकडा तत्क्षणी वाढायचा. सेवेकडून पावती आली की मामाच्या लॅपटॉपवर एक शब्द उमटायचा. तो शब्द मामाने स्वतः निवडला होता: पोचलं.

घटनांची नावं त्याने व्यायामशाळेच्याच भाषेत ठेवली, फक्त इंग्रजी अक्षरांत. डोक्यावर बसला तर naral. सरावाच्या वेळी भोंगा दोन बटनं दाबायचा, पोटावर बसला तर pot, हुकला तर hava. पहिल्याच दिवशी डॅशबोर्डावर हवेचे दोन रकाने आले. एकात चार, एकात सात. मामाने एकीकडे hava लिहिलं होतं आणि दुसरीकडे hawa.

"दोन प्रकारची हवा?" भोंगा खरखरला. "एक गरम, एक गार? अरे, तुझं मशीन आहे का एसी?"

त्या सेवेला मराठी कुठून येणार? अक्षर बदललं की तिच्या लेखी घटनाच वेगळी. मामाने निमूटपणे सगळीकडे एकच हवा केली. हवेचं झालं. नारळाकडे कोणी बघितलं नाही, कारण तेव्हा नारळ प्रोग्रॅममध्ये एकाच जागी होता.

लढतीच्या दोन दिवस आधी भोंगा बातमी घेऊन आला. "समोरची पोरगी कात्री आहे, कात्री. सरळ मारतच नाही. दोन्ही बाजूंनी आडवं, असं, कचाकच." आणि त्याने मामाच्या कानांशेजारी दोन्ही हातांनी कचाकच करून दाखवलं. मामाचा चेहरा पडला. पट्टी तर फक्त कपाळावर होती.

मग त्याने दोन्ही कानशिलांवर आणखी दोन पट्ट्या शिवायला घेतल्या. हातात सुई आणि तारा जोडायची डाखणी, वेळ कमी. "तू टाइप कर," तो ताईला म्हणाला. "कपाळाचं आहे तसंच बाजूंचं लिही. नाव नारळच." ताईने पाच मिनिटांत लिहिलं. मामाने हेडगार्ड मांडीवर घेऊन डाव्या कानशिलावर मूठ आपटली. लॅपटॉपवर उमटलं, पोचलं. उजव्यावर आपटली. पोचलं. मामी सारखी हाक मारत होती, जेवण गार होत होतं. तिघं उठून जेवायला गेली.

लढत शनिवारी दुपारी, एका मोठ्या हॉलमध्ये होती. आयोजकांनी हेडगार्ड वाकवून, पिळून, हुंगून बघितलं आणि चालेल म्हणाले. कोपऱ्याशेजारी मामाला एक टेबल मिळालं. टेबलावर लॅपटॉप, आणि भोंग्याने आणलेला जुना टीव्ही, त्यावर डॅशबोर्डातला एकच चौकोन मोठा करून लावलेला: नारळ, शून्य. प्रेक्षकांना ते फारच आवडलं. मागून कोणी तरी ओरडलं, "ओ काका, सोललेला द्या!" मामाच्या खुर्चीची डावी बाजू रिंगणाकडे होती. मी त्याच्या उजवीकडे, ऐकू येणाऱ्या बाजूला बसले होते.

पहिली घंटा झाली आणि कात्री धावतच आली. बुटकी, रुंद, मान नसलेली. तिने ताईच्या बरगड्यांत दोन घातले, ताई वाकली, तसा कपाळावर एक सरळ बसला. टीव्हीवर एक. ताईने उलट तिच्या तोंडावर असा दणका दिला की कात्रीची लाळ आमच्या टेबलापर्यंत आली. मग दोघी एकमेकींत घुसल्या. ते खेळासारखं दिसतच नव्हतं, दारात अडकलेली दोन माणसं एकमेकांना बुकलून वाट काढतायत असं दिसत होतं. कात्रीची भुवई फुटली. रक्त डोळ्यात गेलं, तिने हाताच्या कोपराने पुसलं आणि पुसता पुसताच मारला. पब्लिक टीव्हीबरोबर मोजत होतं, "सात! आठ!" फेरी संपली तेव्हा आकडा होता दहा.

"दहा!" भोंगा ताईच्या तोंडात पाणी ओतत ओरडला. "फक्त दहा! पुढे आहेस पोरी, पुढे!"

मामाही खूश होता. पण त्याच मिनिटात त्याने खुर्ची फिरवली. टीव्हीचा उजेड डोळ्यांवर येतोय म्हणाला. आता टीव्ही त्याच्या पाठीशी होता आणि उजवा कान रिंगणाकडे.

दुसरी घंटा झाली. कात्री आता आडवंच मारायला लागली. मामा मांडीवर बोट आपटत होता. काटा तपासताना वजनं ठेवत जाताना तो असंच बोट आपटतो, जुनी सवय. ठाप्प. बोट. ठाप्प. बोट. ताईचं डोकं एकदा या खांद्याला, एकदा त्या खांद्याला लागत होतं. तिचं दातांचं रबर अर्धं बाहेर आलं, तिने ते जिभेने आत ढकललं आणि कात्रीला दोरीवर नेऊन पोटात सहा-सात घातले. कात्री ओकल्यासारखी वाकली. हॉल उभा राहिला. घंटा.

मामाने मागे वळून टीव्ही बघितला. पंधरा.

"पाच?" तो मला म्हणाला. "या फेरीत पाचच?"

"पंधरा वजा दहा, पाच."

त्याने स्वतःच्या बोटाकडे बघितलं. "माझे अकरा झाले."

तो कोपऱ्यात गेला. मीही मागे गेले. "भोंग्या, थांबव. यंत्र कमी दाखवतंय. मी अकरा ऐकले."

"तू ऐकलेस?" भोंगा खदखदून हसला. "अर्ध्या कानाने? अरे, लॅपटॉपवर बघ, पोचलं-पोचलं-पोचलं चाललंय. काही नाही रे, काही नाही!"

मामा "काही नाही" ऐकून दचकला. त्याने ताईकडे बघितलं. तिचा डावा गाल पावासारखा फुगला होता, ओठ दोन ठिकाणी चिरला होता. ती रक्ताची गुळणी बादलीत टाकून म्हणाली, "तीस म्हणालास. पंधरा झालेत. शब्द दिलायस बाबा."

"अगं पण ते... ते हे..."

"कोणतं हे?"

मामाला शब्द सापडेना. भोंग्याने ताईच्या पाठीवर थाप मारली. तिसरी घंटा झाली.

मामा परत येऊन बसला, टीव्हीकडे पाठ करून. टॉवेल मांडीवर. त्याच्या एका बाजूला त्याने दीड महिना खपून केलेलं यंत्र होतं, दुसऱ्या बाजूला त्याचं स्वतःचं डोकं, ज्याला पक्कड आठवत नाही. आणि समोर ताई. मी त्याला विचारलं, "मामा, काय करायचं?" तो म्हणाला, "गप्प बस. मोजू दे."

ठाप्प. बोट. तो ओठांनी आकडा म्हणत होता. पहिल्या फेरीचे टीव्हीने सांगितलेले दहा, त्यावर दुसऱ्या फेरीतले त्याचे अकरा, एकवीस. बावीस. ताईने कात्रीच्या नाकावर असा उजवा दिला की आधीच फुटलेल्या भुवईतून पुन्हा रक्त उडालं. हॉल किंचाळला, "हातोडी! हातोडी!" तेवीस. चोवीस. कात्री आंधळ्यासारखी हात फिरवत होती, पण फिरवलेला प्रत्येक हात कानशिलावरच पोचत होता. पंचवीस. ताई हसली. तेच हसू, मार्चमधलं. सव्वीस. सत्तावीस. ती मागे सरकली, दोरीला टेकली, दोरीला हात लावून चाचपायला लागली. अठ्ठावीस. पंच तिच्याकडे बघत होते. ताईने झेप घेऊन दोन मारले, दोन्ही बसले, कात्रीचा गुडघा जमिनीला लागता लागता राहिला. एकोणतीस. ठाप्प.

मामा उठला आणि त्याने टॉवेल टाकला.

टीव्हीवर तेव्हा एकोणीस होते.

काही क्षण कोणाला काही कळलंच नाही. मग पंचांनी दोन्ही हात फिरवले, लढत संपली, आणि हॉलमधून शिव्यांचा पाऊस पडला. एक पाण्याची बाटली मामाच्या खांद्याला लागली. "काका, टीव्हीवर एकोणीस आहेत, एकोणीस! चष्मा लावा!" भोंगा दोन्ही हात डोक्यावर ठेवून खाली बसला. ताई जिंकत होती. हे हॉलमधल्या सगळ्यांना दिसत होतं, पंचांनाही.

ताईने टॉवेलकडे बघितलं. टीव्हीकडे बघितलं. मग दोरीखालून बाहेर आली, सरळ टेबलाशी आली, आणि ग्लोव्हसकट बापाच्या हनुवटीवर उजवा हात घातला.

मामाने हात वर केले नाहीत. तो खुर्चीसकट मागे गेला, टेबलावर आपटला, टीव्ही खाली पडून फुटला. लॅपटॉप मी धरला. ताई त्याच्या अंगावर वाकून ओरडत होती, "शब्द दिला होतास! एकोणीस! एकोणीस!" तिच्या तोंडातलं रक्त त्याच्या शर्टावर पडत होतं. मामी प्रेक्षकांतून खुर्च्यांवर पाय देत आली. रोज लोकांची डोकी धरतात ते हात. तिने मागून ताईचं डोकं दोन्ही हातांत असं धरलं की ताईला हलताच येईना. "बस," मामी म्हणाली. "आता तोंड उघडायचं नाही."

कपडे बदलायच्या खोलीत रिंगणाच्या डॉक्टरांनी ताईच्या डोळ्यांत बॅटरी मारली.

"आज वार कोणता?"

"गुरुवार," ताई रागाने म्हणाली. "आणि मी जिंकत होते."

डॉक्टरांनी बॅटरी बंद केली. ताईने सगळ्यांकडे बघितलं. "काय झालं? गुरुवारच आहे ना?"

डॉक्टर फोन लावायला बाहेर गेले. भोंगा दाराशी उभा होता, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मामी बर्फाची पिशवी ताईच्या गालावर दाबत होती. मामा बाकावर लॅपटॉप घेऊन बसला. चौकोनातला आकडा त्याने बंद केला आणि आलेल्या घटनांची सगळी यादी उघडली, जशीच्या तशी, एकाखाली एक, वेळेसकट. naral. naral. मग एक ओळ आली आणि त्याचं बोट थांबलं.

naaral.

त्याने मोजायला घेतलं. एका a चे नारळ एकोणीस. दोन a चे सोळा. मोठा चौकोन फक्त एका a चे मोजत होता. दोन्ही कानशिलांवरचे सगळेच्या सगळे ठोसे सेवेकडे गेले होते, पावती मिळाली होती, आणि शेजारच्या रकान्यात जाऊन बसले होते. तिकडे कोणी बघतच नव्हतं.

"पस्तीस," मामा म्हणाला.

त्याने लॅपटॉप ताईकडे फिरवला. तिने दोन्ही शब्द पुन्हा पुन्हा वाचले. मग दोन a चं स्पेलिंग आपलंच हे ओळखलं, कारण मेसेजमध्ये ती त्याला baabaa असंच लिहिते.

"तू नारळ एका a ने लिहितोस?" तिने विचारलं. सुजलेल्या ओठांमुळे ते 'नाअळ' असं आलं.

"मग? कितीने लिहायचा?"

"ना आहे तो. काना आहे त्याला. एका a ने नरळ होतं."

"नरळ काय असतं?"

"तेच म्हणतेय ना, काहीच नसतं! तू दीड महिना काहीच नसलेलं मोजत होतास!"

"आणि तू हवेच्या वेळी बाजूलाच उभी होतीस ना? सगळ्यांबरोबर हसलीस की!"

"ओरडू नका," मामी म्हणाली. "डोकं दुखेल तिचं."

ताईचा खालचा ओठ पुन्हा फुटला होता, मामीने कापूस लावला. मग ताई हळू आवाजात म्हणाली, "पण तुला कळलं कसं? टीव्हीवर तर एकोणीसच होते. तू तिसावरच टाकलास?"

"पहिल्या फेरीचे टीव्हीचे दहा धरले. पुढचे मी ऐकले. माझे वीस झाल्यावर टाकला." मामाने स्वतःच्या मांडीकडे बघितलं. "आता लक्षात आलं, पहिल्याच फेरीतले पाच सुटले होते. उशीरच झाला."

ताईने यादी खाली सरकवली. दुसऱ्या घंटेची वेळ शोधून तिथून पुढचे ती एकेक करून मोजायला लागली, बोट स्क्रीनवर ठेवून, दोन्ही प्रकारचे. मध्येच आकडा विसरली. पुन्हा सुरुवातीपासून मोजले. भोंगाही जवळ येऊन तिच्या खांद्यावरून बघू लागला.

"वीस," ती म्हणाली. "एकही चुकला नाही तुझा."

"एकवीस," मामा म्हणाला.

"वीसच आहेत. हे बघ. यादीत वीस."

"मी एकवीस मोजले."

"अहो, आता पुरे," मामी वैतागली. "एक जास्तीचा कुठून आणला?"

मामाने हनुवटी चोळली. तिथे आता निळं व्हायला लागलं होतं. त्याने जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकवून बघितला आणि शब्द शोधायला लागला. या वेळी मामीने रिकामी जागा भरली नाही. त्याची ती वाट बघत राहिली.

"पोचला," मामा म्हणाला.